टक्केवारीच्या चाळणीतून गळणारी गणिती बुद्धी

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नरहून पश्चिमेकडे गेले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट लागतो. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, हे या तालुक्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या लेखाचे जे वैशिष्ट्य गणिताच्या इतिहासकारांना मोलाचे वाटते, ते मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या तेथे अंकचिन्हांनी कोरलेल्या आहेत आणि भारतातील अतिशय जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. याच तालुक्याच्या पूर्व भागात, नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि त्यांनी टिपलेल्या लहरींचे चित्र उमटते ते केवळ गणिताच्या बळावर. दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आणि आजचे खगोलशास्त्र यांच्या मध्ये ज्या वाड्यावस्त्या पसरल्या आहेत, तेथील एखाद्या मुलाला किंवा मुलीला गणिताची उपजत ओढ असेल तर तिच्यापुढे कोणती वाट आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

येथे विचार करावयाचा आहे तो सर्वच विषयांत ९५ टक्के मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा नव्हे. त्याची काळजी घ्यावयास शिकवणीवर्ग, वर्तमानपत्रे आणि सत्कार समित्या समर्थ आहेत. प्रश्न आहे तो गणितात विलक्षण गती असलेल्या, परंतु गुणपत्रक खालीवर असलेल्या मुलाचा. गणितात ९६ आणि इंग्रजीत ४२, असे त्याचे गुणपत्रक असते. शिक्षक त्याला 'हुशार आहे, पण लक्ष नाही' असे म्हणतात, घरचे लोक 'एवढे गणित येते तर बाकीचे का येत नाही' असे विचारतात, आणि महाविद्यालयाची खिडकी त्याची सरासरी काढून मोकळी होते.

या विषमतेची कारणे मुलाच्या स्वभावात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. काही अंशी ती तेथे असतातही. परंतु या दोन तालुक्यांत राहणाऱ्याने आजूबाजूला नजर टाकली तर निराळीच कारणे दिसू लागतात. रब्बी कांद्याची काढणी आणि शालान्त परीक्षा जवळपास एकाच हंगामात येतात. पश्चिमेकडील महादेव कोळी वस्त्यांत भाताच्या लावणीला आणि हिरडा गोळा करावयाला घरातील प्रत्येक हात लागतो. डिंभे धरणाने आंबेगाव हे मूळ गावच पाण्याखाली घेतले. धरणाचे पाणी पूर्वेच्या शेतांना मिळाले, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत शिकू लागली. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीच्या विज्ञान शाखेत सारे विषय एकदम इंग्रजीतून समोर येतात. ज्या विषयाला वर्षभर कायम शिक्षक मिळाला नाही, त्या विषयाचे गुण कमी पडतात. गणिताचे तसे नसते. एक चांगले पुस्तक, एक जिद्दी शिक्षक आणि थोडा निवांतपणा मिळाला तर ते माणसाला एकट्यालाही पुढे नेऊ शकते. इतिहास, भाषा, प्रयोगशाळेतील रसायनशास्त्र यांना मात्र ग्रंथालय लागते, उपकरणे लागतात, संभाषण लागते. म्हणून गरीब घरातल्या बुद्धिमान मुलाचे गुण गणितात वर आणि इतरत्र खाली असणे यात नवल काहीच नाही. अशा गुणपत्रकात मुलाची कुवत जितकी दिसते तितकीच त्याच्या शाळेची आणि घराची स्थितीही दिसते.

इतिहासात या गोष्टीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे आहे. कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झालेल्या या विद्यार्थ्याने गणिताखेरीज इतर विषयांकडे पाठ फिरविली, आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही तो परीक्षा उत्तीर्ण होऊ शकला नाही. १९१२ साली तो मद्रास बंदरात ३० रुपये पगारावर कारकून झाला. १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठविले. त्यानंतर पदवी नसतानाही मद्रास विद्यापीठाने आपला नियम बाजूला ठेवून त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. ही कथा दैवी प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यातून घ्यावयाचा बोध प्रशासकीय आहे. संस्थेने एक नियम वाकविला म्हणून एक गणिती जगाला मिळाला. ज्यांच्यासाठी कोणी नियम वाकविला नाही त्यांची नावे इतिहासात असण्याचे कारणच नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण द. रा. कापरेकर यांचे आहे. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविलेल्या या पदवीधराने पुढचे आयुष्य देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून घालविले. ६१७४ या संख्येचा त्यांनी शोधलेला गुणधर्म आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. परंतु पदव्युत्तर शिक्षणाची जोड नसल्याने व्यावसायिक गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांना दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव सर्वदूर पोचले.

आता आजची चाळणी कशी चालते ते एका काल्पनिक गुणपत्रकावर पाहू. समजा, बारावीत गणितात ९६, भौतिकशास्त्रात ७०, रसायनशास्त्रात ५८, इंग्रजीत ४२ आणि पाचव्या विषयात ५४ गुण मिळाले. बेरीज ३२०, म्हणजे ६४ टक्के. आय.आय.टी. आणि राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था यांच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षेतील क्रमांकाखेरीज बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५), अथवा आपल्या मंडळातील आपल्या प्रवर्गाच्या पहिल्या वीस टक्क्यांत स्थान, अशी अट आहे. प्रवेश परीक्षा कितीही चांगली गेली तरी हा विद्यार्थी खुल्या गटातील असेल तर त्याला येथे जवळजवळ दार बंद आहे, आणि ते बंद करणारे गुण प्रामुख्याने इंग्रजी व पाचव्या विषयाचे आहेत. तोच विद्यार्थी राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाला मात्र पात्र ठरतो, कारण तेथे गणित व विज्ञान विषयांतील किमान गुणांची अट बरीच खालची आहे आणि क्रम सी.ई.टी.वर लागतो. पुण्याच्या पाषाण भागात २००६ साली सुरू झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था स्वतःची अभियोग्यता परीक्षा घेते. तेथील बारावीची अट ६० टक्क्यांची असल्याने हा विद्यार्थी तेथेही बसू शकतो. एकच मूल, एकच गुणपत्रक. एका दारी अपात्र, दुसऱ्या दारी पात्र. यावरून या अटींमागे कोणते शास्त्र नसून निव्वळ प्रशासकीय सोय आहे, हे स्पष्ट व्हावे.

या विधानाला पुरावाही आहे. करोनाच्या साथीमुळे २०२०, २०२१ आणि २०२२ या तीन वर्षी ७५ टक्क्यांची अट शिथिल करण्यात आली होती. बारावी उत्तीर्ण एवढेच पुरेसे धरले गेले. त्या वर्षांत या संस्था बंद पडल्या नाहीत. तरीही २०२३ पासून ती अट परत आणण्यात आली. मंडळाच्या परीक्षेकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होऊ नये, हा तिच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. शहरातील विद्यार्थी शिकवणी लावून सर्व विषयांत ७५ च्या वर जातो. आहुप्याच्या किंवा नाणेघाटाकडील वाडीच्या मुलाला इंग्रजीचे ते दहा-पंधरा गुण कोठून आणावयाचे?

अशा विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोकळी दारे दोन आहेत, आणि नेमकी तीच ग्रामीण भागात सर्वांत कमी माहीत आहेत. पहिले दार भारतीय सांख्यिकी संस्थेचे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या आणि १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेल्या या संस्थेत कोलकात्याला संख्याशास्त्राचा आणि बंगळूरला गणिताचा पदवी अभ्यासक्रम चालतो. बारावीला गणित व इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण होणे एवढीच मुख्य शैक्षणिक अट. निवडीसाठी लेखी परीक्षा असते, आणि ती केवळ गणिताची. निवड झालेल्यांना शिक्षणशुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळते. दुसरे दार १९८९ साली सी. एस. शेषाद्री यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे. तेथेही प्रवेश आपल्या स्वतंत्र परीक्षेवर होतो. शुल्क आहे, परंतु गरजू व गुणवान विद्यार्थ्यांना सवलत मिळते. दोन्हीकडे अर्ज साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये भरावे लागतात आणि परीक्षा मे महिन्यात होते. म्हणजे बारावीचा निकाल लागल्यावर चौकशीला निघालेल्या पालकाची वेळ टळून गेलेली असते. याखेरीज २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेश सामायिक परीक्षेवर होऊ लागले. पूर्वी दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयांत शंभराच्या जवळ जाणारी टक्केवारी लागत असे, ती अडचण आता राहिलेली नाही.

ही दारे सताड उघडी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. या परीक्षांचे प्रश्न पाठ्यपुस्तकातील सूत्रे आळवून सुटत नाहीत. त्यांना ऑलिंपियाडच्या धर्तीची, सिद्धतेची सवय लागते. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारख्या संस्था ती सवय लावतात. परंतु मंचर वा ओतूरच्या मुलाला दर रविवारी पुण्यास जाऊन येणे म्हणजे दिवस आणि एस.टी.चे भाडे दोन्ही घालविणे. शिवाय गुणी मुले हेरण्याच्या शासकीय योजनाही आक्रसल्या. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये स्वतंत्र योजना म्हणून संपली. परीक्षा न्याय्य असली तरी तिच्या तयारीची साधने विषम वाटली गेली असतील तर निकालही विषमच लागणार.

म्हणूनच दुसरी, अधिक लांबची परंतु अधिक रुंद वाट महत्त्वाची ठरते. ती जाते आपल्याच तालुक्यांतील महाविद्यालयांतून. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय आणि रयत शिक्षण संस्थेचे मंचर येथील अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ही आपली जवळची ठिकाणे. मंचरच्या महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या लॉरीपुढे देह ठेवणारा हा गिरणी कामगार याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. अशा महाविद्यालयातून बी.एस्सी. होणे म्हणजे वाट चुकणे, अशी जी समजूत मध्यमवर्गाने पसरविली आहे ती खोडून काढली पाहिजे. आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठी २००४ पासून 'जॅम' ही परीक्षा आहे. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची संस्था पदव्युत्तर वर्गांसाठी पुन्हा स्वतंत्र परीक्षा घेतात. बारावीची विस्कटलेली टक्केवारी येथवर येईतो मागे पडलेली असते.

या वाटेवर हात देणाऱ्या योजनाही आहेत. १९९३ साली एस. कुमरेसन यांनी सुरू केलेले गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध शिबिर साध्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे विनामूल्य शिकविते, आणि पाठांतराऐवजी विचार करावयास लावते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या गणित विभागाच्या सहभागाने माधव गणित स्पर्धा भरते.  हवे असते ते एवढेच, की महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाने सूचनाफलकावर पत्रक लावावे आणि दोन विद्यार्थ्यांना बोलावून अर्ज भरवून घ्यावा.

परंतु तो प्राध्यापक तेथे आहे काय? येथे प्रश्न शिक्षणशास्त्राचा न राहता राजकारणाचा होतो. अनुदानित महाविद्यालयांतील कायम जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षकांकडून काम भागविले जाते. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही त्याने तीन-चार वर्षे एका विद्यार्थ्याची जोपासना करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विद्यार्थी थोडे म्हणून गणित हा मुख्य विषय बंद करण्याचा विचार एखाद्या महाविद्यालयात होऊ लागला, तर त्या तालुक्यातील दुसरी वाटच मिटते. शहरातील श्रीमंत मुलाला तिची गरज नसते. ज्याची पहिली संधी हुकली त्याला असते. म्हणून ग्रामीण महाविद्यालयातील गणिताची एक जागा भरून घेणे ही त्या मुलाची थेट बाजू घेणे आहे.

येथे काही कार्यकर्ते विचारतील की शेकडो मुले साधा भागाकार शिकल्यावाचून शाळेबाहेर पडत असता मूठभर गणितींची चिंता समाजवाद्यांनी का करावी? ही शंका रास्त आहे. प्राथमिक शाळेचा प्रश्न अधिक मोठा आहे आणि तो सोडून हा हाती घ्यावा असे कोणी म्हणत नाही. परंतु प्रतिभा ही वरच्या जातींची आणि शहरांची मिरासदारी आहे, हा समज ज्या दिवशी आपण निमूटपणे मान्य करू त्या दिवशी प्राथमिक शाळेची लढाईही अर्धी हरलेली असेल. आणि गणित हे काही केवळ विद्वानांचे करमणुकीचे साधन नाही. महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या आकड्यांच्या आधारे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचे मोजमाप देशापुढे ठेवले. पिकांच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पद्धतीने काढण्याचे शास्त्र येथे रुजविणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. भुकेल्यांची संख्या किती, यावर दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात जो वाद झाला तो गणिताच्या भाषेत झाला, आणि त्याचा विषय गरिबाची भाकरी हाच होता. गरिबांची मोजदाद करणारे लोक गरिबांच्या घरांतून आले तर मोजदादीचे प्रश्नही बदलतील.

पोटाचा प्रश्नही टाळता येत नाही. गणित शिकून करावयाचे काय, असे आईवडील विचारतात आणि त्यांना तो अधिकार आहे. त्यांना सांगावे की संख्याशास्त्र, विमागणित, संगणकशास्त्र, बँका, शासकीय सांख्यिकी सेवा आणि अध्यापन ही क्षेत्रे या शिक्षणाला खुली आहेत. परंतु खोटी आशाही दाखवू नये. वाट पाच-सहा वर्षांची आहे आणि त्या काळात घरी पैसा येत नाही. म्हणून शिष्यवृत्ती व वसतिगृह हाच खरा निर्णायक घटक ठरतो. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा न मिळाल्यास 'स्वयम्' योजनेतून भोजन-निवासाची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आणि तिच्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या तरतुदी कागदावर राहतात त्या दाखल्यांच्या अभावी. महादेव कोळी मुलाचे जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्याने हातची जागा जाणे ही गोष्ट कार्यकर्त्याच्या दोन खेपांनी टळू शकते.

तेव्हा या वर्गातून उठताना कामाची वाटणी करूनच उठावे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गटातील माध्यमिक शाळांत जाऊन गणिताच्या शिक्षकाला एकच प्रश्न विचारावा: असा कोण आहे, जो इतर विषयांत मागे असूनही गणितात तुम्हांला अडवितो? नावे नववीतच मिळाली तर तयारीला तीन वर्षे हाती राहतात. त्यांतील मुलींची नावे मुद्दाम विचारावीत, कारण ती आपणहून कोणी सांगत नाही. सुटीच्या दिवशी घोडेगाव आणि जुन्नर येथे ज्येष्ठ शिक्षकांच्या मदतीने प्रश्न सोडविण्याचे वर्ग भरवावेत. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणून वाचनालयात ठेवाव्यात. जानेवारीत दाखल्यांची आणि मार्चमध्ये अर्जांची मोहीम घ्यावी. प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याला बारावीच्या सरासरीची अट लावू नये, आणि ग्रामीण महाविद्यालयांतील गणिताच्या रिक्त जागा कायम स्वरूपात भराव्यात, या दोन मागण्या पक्षाच्या जिल्हा शाखेने ठराव करून शासनाकडे व विद्यापीठाकडे पाठवाव्यात.

एस. एम. जोशी यांचा जन्म १९०४ साली याच जुन्नर गावी झाला. त्यांच्या नावाने येथे भाषणे पुष्कळ होतात. येत्या मे महिन्यात या दोन तालुक्यांतील पाच मुलेमुली त्या परीक्षांना बसली, तर त्यांपैकी एकही निवडले गेले नाही तरी काम वाया गेले असे होणार नाही. त्या पाचांना आणि त्यांच्या शाळांना दार कोठे आहे ते कळलेले असेल, आणि पुढच्या वर्षी पंधरा जण येतील.